एक बोट डावीकडे

९ ऑक्टोबर १९११

आज ही वही विकत घेतली. मठातल्या ननांनी लिहायला शिकवलं त्याचा उपयोग आजवर मावशीची गावाकडची पत्रं लिहिण्यापुरताच झाला. पण आजचं लिहून ठेवलंच पाहिजे. ओक्तावने शब्द दिला आहे.

"या चित्राला नाव तुझंच," तो म्हणाला. "एर्सिलिया पाचित्ती. बाकी एक अक्षर नाही."

मी पुन्हा वदवून घेतलं. नऊ वर्षं त्याच्याकडे मॉडेल म्हणून बसते आहे, त्याच्या शब्दाची किंमत मला ठाऊक आहे.

चौदाव्या वर्षी पहिल्यांदा चौथऱ्यावर चढले, आता सदतिसावं चालू आहे. एवढ्या वर्षांत पॅरिसच्या चित्रकारांनी माझं काय काय केलं! सेनापतीचं मुंडकं तलवारीने उडवणारी युडिथ केली, पश्चात्तापाने रडणारी मॅग्डलिन केली, चार वेळा जलपरी, दोनदा प्रजासत्ताक. एका नगरभवनाच्या छतावर पाय माझे आहेत आणि धड भलत्याच बाईचं. एका बँकेच्या दारावर मी 'काटकसर' म्हणून उभी आहे. जिथे तिथे मीच, आणि नाव कुठेही नाही. लोरेता मावशी म्हणते, तुझ्यापेक्षा माझं बरं. ती तरुणपणी मेरीमाता म्हणून बसायची, आजही अकरा देवळांत लोक तिच्यापुढे मेणबत्त्या लावतात.

ओक्ताव बेर्लीए पूर्वी माणसासारखी चित्रं काढायचा. गेल्या वर्षीपासून त्याच्या डोक्यात चौकोन शिरले आहेत. त्याच्या कंपूतले बाकीचे तर आता बाटल्या आणि गिटारीच काढतात. बाटलीला रोजची मजुरी द्यावी लागत नाही आणि ती शिंकतही नाही. आमच्यातल्या निम्म्या बायका कपड्यांना इस्त्री करायला लागल्या. ओक्तावला मात्र अजून माणूस लागतो, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

१७ ऑक्टोबर

काम सुरू झालं. खुर्चीत बसायचं, उजवा हात मांडीवर, डावा खुर्चीच्या पाठीवर, मान जराशी वळलेली. सोपं वाटतं, पण डावा खांदा वीस मिनिटांत पेटतो.

खुर्चीच्या पायांभोवती आणि माझ्या बुटांभोवती खडूच्या रेघा मी स्वतः मारते. नव्या पोरी हे काम चित्रकाराला करू देतात आणि मग बोलणी खातात. पाऊण तास बसायचं, पाव तास विश्रांती, मग पुन्हा त्याच रेघांत पाय घालायचे. हात कुठे होता, मान किती होती हे मला आठवावं लागत नाही, ते अंगालाच माहीत असतं. एकदा एका म्हाताऱ्या चित्रकाराने खांदा केसभर उतरला म्हणून माझ्या अंगावर रंगाची पाटी भिरकावली होती. तेव्हापासून कोणी माझ्यावर काही भिरकावलेलं नाही.

ओक्तावचं मात्र काही कळत नाही. काल समोर उभा होता. आज सकाळी खिडकीशी, आणि दुपारी चक्क ईझल उचलून माझ्या पाठीमागे. अरे, चेहरा इकडे आहे ना? मागे जाऊन काय माझी वेणी मोजतोस?

२ नोव्हेंबर

विश्रांतीच्या वेळात चित्र पाहिलं. छप्पर उडालेलं घर वाटलं. एक कान ओळखू आला, पण तो भलत्याच ठिकाणी होता. आणि सगळं तपकिरी. मी विचारलं, "मस्यो ओक्ताव, माझे डोळे किती आहेत?"

"मोजतोय अजून," तो म्हणाला.

घरी येताना वाटलं, हे चित्र बघून माझी आईसुद्धा मला ओळखणार नाही. मग वाटलं, खाली नाव असेल ना. नाव असलं की माणसं शोधतातच.

२३ नोव्हेंबर

आज सगळं कळलं, तेही तोंड मिटून.

अकराच्या सुमाराला दार वाजलं. माझा पाऊण तास चालू होता. बसायच्या वेळेत ओक्ताव कोणाला आत घेत नाही, आज धावत गेला. फरचा कोट, टोपीवर अख्खा पक्षी आणि काखेत कुत्रा अशा एक बाई आत आल्या. मादाम तेसाँदिए, बिस्किटांच्या कारखान्याच्या मालकीणबाई. सप्टेंबरात एकदा येऊन गेल्या होत्या, अर्धा तास बसल्या आणि कंटाळून गेल्या.

"कुठवर आलं माझं चित्र?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, त्यांचं वेगळं असेल. ओक्तावने त्यांना नेऊन माझ्या चित्रासमोर उभं केलं.

"अगंबाई! आणि यात मी कुठे?"

"हा तुमचा खांदा, मादाम. आणि ही मान. त्या दिवशी दारातून जाताना तुम्ही अशाच वळून पाहत होतात."

"खरंच की हो! आमच्या बहिणीला दाखवलं पाहिजे, ती जळून जाईल. आणि या कोण?"

"या... नुसत्या उजेडासाठी बसवल्यात. रोज तीन-तीन तास मादामना कशाला त्रास?"

"किती समजूतदार आहात हो तुम्ही!"

कुत्रा चौथऱ्यावर चढून माझा बूट हुंगत होता. बसलेली मॉडेल बोलत नाही आणि हलत नाही हा आमचा नियम. तेवीस वर्षांत तो मी मोडला नाही, आजही मोडला नाही, आणि त्यासाठी मला स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

बाई गेल्यावर विश्रांतीच्या पाव तासात विचारलं, "शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता. तुझ्या नावाचं पुढच्या वर्षी करू."

"हे माझं आहे."

तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. प्रेमानेच बोलला. "एर्सिलिया, नीट बघ त्याच्याकडे. यात तू आहेस हे जगात कोणाला सिद्ध करता येईल? कोणाला कळणार आहे?"

पाव तास संपला. मी जाऊन खडूच्या रेघांत पाय ठेवले.

२४ नोव्हेंबर

मावशी म्हणाली, "काम सोड."

"सोडलं तर तो दुसरी आणेल आणि चित्र पुरं करेल. त्याचं काय वाकडं होणार?"

"मग जाऊन त्या बिस्किटवालीला सांग."

"ती म्हणेल, मोलकरीण पैसे उकळायला आली."

मावशी मक्याचं पीठ घोटत होती. हात न थांबवता म्हणाली, "रांधणारी चिडली की मीठ जास्त पडतं. शिवणारी चिडली की काखेत घट्ट होतं. तू बस विचार करत."

रात्रभर डोळा लागला नाही. पण आता ठरलं आहे. मॉडेल चिडली की हलते.

शिंकल्यासारखं नव्हे, ते तर कोणीही बघेल. रोज एक बोट. खडू पुसायचा आणि बोटभर डावीकडे नवी रेघ मारायची. मान आज इकडे, उद्या तिकडे. काल जे काढलं ते आज जुळणार नाही, आज काढलेलं उद्या. त्याला वाटेल, आपली नजर गेली. चित्राचा चिवडा होईल, बिस्किटवालीची बहीण पोट धरून हसेल, आणि वसंतातल्या मोठ्या प्रदर्शनात अख्ख्या पॅरिससमोर त्याची छी-थू होईल. कोणाला कळणार आहे म्हणे! मलाही तेच म्हणायचं आहे.

२७ नोव्हेंबर

एक बोट डावीकडे. छाती इतकी धडधडत होती की तीच ऐकू जाईल असं वाटलं. खोटी रेघ मारायला हात वळेना. हाताला असली सवय नाही, त्याला लाज वाटली. मला नाही वाटली.

ओक्ताव बराच वेळ ब्रश हातात धरून नुसता बघत राहिला. मग ईझल उचलून खिडकीशी नेलं. चाचपडतोय बिचारा!

१४ डिसेंबर

आता भीड चेपली. आज हनुवटी अशी वर काढली की देवळातल्या युडिथलाही जमली नसती. मनात त्याला मुंडकं उडवण्यापर्यंत शिव्या देत होते. तो शीळ घालत होता. आंधळा आणि वर खुशीत!

"आज काय झालंय तुला?" मध्येच त्याने विचारलं.

मी अर्थातच बोलले नाही. बसलेली होते ना.

१६ जानेवारी १९१२

दाढ दुखते. गाल सुजून पाव झाला आहे. इतर वेळी सुट्टी घेतली असती, पण म्हटलं, चला, हाही बिघाड त्याच्या पदरात टाकू. सुजलेली बाजू मुद्दाम त्याच्याकडे केली.

२ फेब्रुवारी

मावशीला खोकल्याचा जोर झाला. आज बसले खरी, पण लक्ष घरी. दोन्ही खांदे पार उतरले होते. हे मी सुडासाठी केलं नव्हतं, आपोआप झालं. पण चित्र बिघडायचं ते बिघडलंच असेल, म्हणून जमेला धरते.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पूर्वी बसल्या बसल्या मला झोप यायची. आता सकाळी उठून कधी एकदा खुर्चीत बसते असं होतं.

१ मार्च

चित्र झालं. त्यावर कापड टाकून ठेवलं आहे, प्रदर्शनाआधी दाखवणार नाही म्हणतो. निघताना ओक्तावने माझा हात दोन्ही हातांत धरला. सहीसुद्धा थरथरत केली असेल. तोंड लपवायला जागा शोध आता.

२० मार्च

पहिल्यापासून लिहिते, नाहीतर घोटाळा होईल.

प्रदर्शनाचा पहिला दिवस. मी हिरवी टोपी घातली, मावशीला गुंडाळून सोबत घेतलं. तिला हसायला न्यायचं होतं. चौकोनवाल्यांच्या दालनात तोबा गर्दी. एक गृहस्थ गिटारीच्या चित्रापुढे तोंडात रुमाल कोंबून हसत होता. माझा आनंद गगनात मावेना. म्हटलं, थांब, पुढे याहून मोठी मेजवानी आहे.

चित्र कोपऱ्यात होतं. खाली पट्टी: 'मादाम टी. यांचे व्यक्तिचित्र'. पुढे कोणी फारसं नव्हतं. मी तोंडभर हसू तयार ठेवून वर पाहिलं.

मावशीची नजर अधू. ती अगदी जवळ गेली, डोळे बारीक केले, मग म्हणाली, "अगं, ही तूच की."

"कुठून?"

"ही हनुवटी बघ. माझ्याशी भांडताना अशीच काढतेस मेली."

आणि मला दिसलं. ती १४ डिसेंबरची हनुवटी होती. तिच्या शेजारी, तिला चिकटून, २७ नोव्हेंबरची घाबरलेली मान. तिच्याखाली गाल, आणि तो सुजलेला. सुजलेला! मागून पाहिलेली वेणी, खिडकीच्या बाजूने पाहिलेला कान. खांदे दोन प्रकारचे, एक ताठ आणि एक मावशीच्या खोकल्याच्या दिवशी उतरलेला. माझं बोट न् बोट तिथे होतं. तीन महिने मी हळूच सरकले तशी ती बाई त्या कॅनव्हासवर सरकत होती, आणि कुठेही मोडत नव्हती. उलट आता उठून अंगावर येईल अशी बसली होती. युडिथ झाले होते तेव्हासुद्धा मी एवढी भयंकर दिसले नव्हते.

आणि खाली मादाम टी.

पुढचं मी ठरवून केलं नाही. माझा अंगार झाला होता. दाराशी पहारेकरी खुर्चीत बसला होता. म्हटलं, "मामा, उठा जरा." तो उठला. खुर्ची ओढत आणून चित्रापुढे ठेवली, टोपी काढून मावशीच्या हातात दिली आणि बसले. उजवा हात मांडीवर, डावा पाठीवर.

"लोकहो," मी म्हटलं, "ही मादाम टी. नाही. ही मी आहे. पाहून घ्या."

लोक हसले. हसणारच. मी मान वळवली. "हे नोव्हेंबरात. बघा तिथे डावीकडे. आता एक बोट इकडे. हे डिसेंबर. हनुवटी बघा. आता तुम्ही, हो तुम्हीच, माझ्या मागे येऊन उभे राहा आणि वेणी बघा, आणि मग तिथे वर बघा."

चष्मेवाला एक गृहस्थ खरंच मागे आला. "थांबा," तो म्हणाला. "ते परत करा." मी परत केलं. एक बाई नवऱ्याला ओरडली, "अहो, तो कान! बाजूने बघा ना, तो कान आहे!" हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी तोंडाने तारखा सांगत होते आणि अंगाने करून दाखवत होते, दाढ, खोकला, शिव्या, सगळं. लोक एकदा माझ्याकडे बघत आणि एकदा वर. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली.

तेवढ्यात गर्दीतून तो पक्षी आला. मादाम तेसाँदिए, बहिणीसकट.

"मादाम," मी बसल्या बसल्या विचारलं, "ही हनुवटी तुमची का?"

त्यांनी चित्र पाहिलं, मला पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "माझी हनुवटी अशी असती तर माझं लग्न झालं नसतं. नाव काय तुमचं?"

मी सांगितलं. दोनदा, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ओक्ताव गर्दीच्या मागे उभा होता, हातात टोपी, पांढराफटक. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. शरमेने माणूस मरत नाही, पण अर्धा तरी होतो. आज मी पोटभर जेवले.

२२ मार्च

वर्तमानपत्र. मावशीला वाचून दाखवलं.

'चित्रकार बेर्लीए यांनी प्रदर्शनात आपली इटालियन मॉडेल चित्रासमोर बसवून एक अभिनव प्रयोग घडवला. चौकोनांचा अर्थ सामान्य प्रेक्षकाला प्रथमच उमगला. यंदाच्या वसंतातील ही सर्वांत धाडसी कल्पना होय.'

त्यांनी घडवला! त्यांची कल्पना! चित्रापुढे रांग लागते आहे म्हणे. ओक्तावला वाटलं असतं तर एक ओळ लिहून पाठवता आली असती, की बाबांनो, ती स्वतःहून बसली. नाही पाठवली.

२९ मार्च

पट्टी बदलली आहे. मी मुद्दाम पाहायला गेले. बिस्किटवालीने चित्र सोडलं नाही, फक्त आपलं नाव काढून घेतलं. त्या दिवशी माझं नाव विचारून वर बहिणीला म्हणाली होती, लक्षात ठेव गं. पण पट्टीवर काय लिहिलंय? 'रागावलेली स्त्री'.

पुन्हा युडिथ. पुन्हा काटकसर.

३ एप्रिल

ओक्ताव घरी आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मावशीसाठी केक आणला, तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

"सहा चित्रं हवीत," तो म्हणाला. "पुढच्या वसंतापर्यंत. सगळे तेच मागताहेत, रागावलेली स्त्री. चल ना."

"मी तुझं वाटोळं करायला बसले होते," मी म्हटलं. तुम्ही-बिम्ही विसरले. "रोज खडू सरकवत होते. तुला पत्तासुद्धा लागला नाही."

तो हसला. "पहिल्याच दिवशी लागला. तू एरवी रेघ एका झटक्यात मारतेस. त्या दिवशी हात अडखळला."

"मग बोलला का नाहीस?"

"आधी राग आला. मग म्हटलं, बघू तरी किती सरकते. एर्सिलिया, मी वर्षभर तेच शोधत होतो आणि मला सापडत नव्हतं. तू रोज दुसरी बाई होऊन यायचीस आणि तरी तीच असायचीस. मला फक्त मागे मागे यायचं होतं. इतकं सुंदर कोणी माझ्यावर चिडलं नव्हतं."

माझा सूडसुद्धा त्याने रंगवून विकला. मी केकचं ताट त्याच्या डोक्यात घालणार होते, पण मावशीने ते मांडीवर घट्ट धरलं होतं.

"नाव?" मी विचारलं.

"चित्रं विकत घेणारे नावाला घाबरतात. रागावलेली स्त्री म्हटलं की प्रत्येकाला आपली बायको वाटते. पुढे बघू."

तो गेल्यावर मावशीने केकचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "पोरी, त्याने तुला पाहिलं तरी. अकरा देवळांत लोक मेणबत्त्या लावतात, पण मला कोणी पाहिलं नाही."

मावशी आता फार म्हातारी झाली. तिला केकचाही मोह पडतो.

६ एप्रिल

त्याला निरोप धाडला. येते म्हणून.

१५ एप्रिल

नऊला पोचले. नवा कॅनव्हास, त्याच्यापेक्षा उंच. ओक्ताव लग्नघरातल्यासारखा लगबगीत. मी चौथऱ्यावर चढले, खुर्ची ठेवली, खडूने रेघा मारल्या, एका झटक्यात. बसले.

आणि हलले नाही.

पूर्वीसारखी नाही. पूर्वी मी न हलता बसायचे तेव्हा आतून तरी कुठेतरी जायचे, गावाला, बाजारात. आज आतूनही हलले नाही. राग नाही, दाढ नाही, मावशी नाही. तेवीस वर्षं जे शिकले ते सगळं आज त्याच्यापुढे मांडलं.

त्याने कोळशाने चार रेघा मारल्या. उभा राहिला. खिडकीशी गेला, मागे गेला, परत आला. सगळीकडून तेच.

२४ एप्रिल

आठ दिवस. रोज त्याच रेघा, तीच मान. ओक्ताव काढतो आणि कापडाने पुसतो. आज म्हणाला, "जरा हल ना."

मी गप्प.

"तुझी मावशी थेरडी आहे," तो म्हणाला. मला चिडवायला! "तुम्ही सगळे इटलीचे भिकारी. तुझ्याऐवजी उद्यापासून बाटली ठेवतो." बोलताना त्याचाच आवाज रडवेला होत होता. मी पापणीही लवू दिली नाही. पाव तासाच्या विश्रांतीत उठून त्याला म्हटलं, "मस्यो ओक्ताव, शेगडीत कोळसा घाला, थंडी वाजते." आणि परत जाऊन बसले.

सूड गोड असतो म्हणतात. मला गोड लागत नाही, पण भूक भागते.

३ मे

त्याने दाढी केलेली नाही. एक घेणारा येऊन कॅनव्हास बघून गेला. ओक्ताव माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "मला माफ कर." डोळे लाल होते. क्षणभर माझी हनुवटी हलायला आली. खरंच आली, लिहून ठेवते. मग त्या पट्टीवरचे दोन शब्द आठवले, आणि ती जागच्या जागी राहिली.

रस्त्याने येताना मला रडू का आलं ते कळलं नाही. बहुतेक खांदा.

१० मे

आज त्याने कोळसा हातात घेतला आणि रेघ मारलीच नाही. माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या खांद्यावरून भिंतीतल्या खिळ्याकडे बघत होते, जसं महिनाभर बघते आहे.

मग तो वाकला आणि कॅनव्हासच्या तळाशी लिहायला लागला. मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर गिरवून, शाळेतल्या मुलासारखं. एर्सिलिया पाचित्ती. लिहून बाजूला झाला, मला दिसावं म्हणून.

"घे," तो म्हणाला. "नाव. पहिलं नाव, मग चित्र. आता तरी?"

पाऊण तास व्हायला अजून वीस मिनिटं होती. ती मी पुरी केली. मग उठून जवळ जाऊन पाहिलं. स्पेलिंग बरोबर होतं, अक्षर सुरेख होतं, इतकं मोठं माझं नाव मी कधी पाहिलं नव्हतं. वर काहीच नव्हतं. आजवर मी असायचे आणि नाव नसायचं, आता नाव होतं आणि मी नव्हते.

मी कोट घातला आणि त्याला म्हटलं, उद्या नऊला येते.